बंदुकीवरचं नाव आणि आतले हात : बर्मिंगहॅमचा जुना बंदूकधंदा

वाड्यातला नातू | ४ जून, रात्री ९:१२

आमच्या घरी आजोबांच्या वेळेपासून बारा बोअरची एक दुनळी आहे. शेतीसंरक्षणाचा परवाना आधी आजोबांच्या, मग वडिलांच्या नावावर होता, आता माझ्या नावावर आहे. रत्नागिरीकडे रानडुकरं भाताची काय दशा करतात ते तिकडच्यांना सांगायला नको. नळ्यांखालचा पुढचा लाकडी तुकडा हलायला लागला म्हणून गेल्या महिन्यात बंदूक दुरुस्तीचा परवाना असलेल्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी नळ्या उतरवल्या आणि उलट्या करून माझ्यापुढे धरल्या. इतकी वर्षं मी ही बंदूक पुसतोय, पण ती बाजू अशी निरखून कधी पाहिलीच नव्हती.

वर दोन नळ्यांच्या मधल्या पट्टीवर कलकत्त्याच्या एका विक्रेत्याचं नाव कोरलेलं आहे. घरात सगळे तिला 'कलकत्तेवाली' म्हणतात. खाली मात्र मुकुट आणि त्याखाली बीपी. दुसरा मुकुट आणि बीव्ही. तिसरा आणि एनपी. हिऱ्याच्या आकाराच्या चौकटीत १२ आणि सी. नळ्या जिथे ॲक्शनमध्ये, म्हणजे मागच्या लोखंडी यंत्रणेत, अडकतात त्या हुकाच्या कडेला अगदी बारीक दोन अक्षरं, डब्ल्यू एच. ॲक्शनच्या पोटात वेगळीच दोन अक्षरं. लाकडाच्या आतल्या अंगाला तिसरीच. यातल्या एकाचाही कलकत्त्याच्या नावाशी मेळ बसत नाही.

मिस्त्री एवढंच म्हणाले, "ही विलायतेची आहे, आणि एकट्याची नाही." फोटो टाकत नाही, कारण नंबर दिसतात. पण जाणकारांना विचारायचं आहे : ही बंदूक नक्की केली कुणी?

मिडलंडकर | ४ जून, रात्री ११:५०

मुकुटाखाली बीपी आणि बीव्ही म्हणजे बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस, नळ्यांची ताकद तपासणारी संस्था. या रूपातली चिन्हं १९०४ पासूनची, म्हणजे बंदूक त्यानंतरची. बी गावाचा, पी प्रूफचा, व्ही म्हणजे डोळ्यांनी तपासून पास केलेली. एनपी हा बिनधुराच्या नायट्रो दारूच्या चाचणीचा शिक्का. १२ आणि सी हे काडतुसाच्या घराचं माप. हे प्रूफ हाउस १८१३ च्या कायद्यानं उभं राहिलं आणि आजही बॅनबरी स्ट्रीटवर चालू आहे. नेहमीपेक्षा जास्त दारू भरून नळी उडवायची, फुटली नाही तर शिक्का. नळी अर्धवट अवस्थेत असताना एकदा आणि बंदूक जुळल्यावर पुन्हा एकदा.

आता डब्ल्यू एच कोण, या प्रश्नाकडे येतो. मी इथे वीस वर्षांहून जास्त काळ राहतो. स्नो हिल स्टेशनातून बाहेर पडलं की स्टीलहाउस लेन लागते. तिच्या पलीकडे वीमन स्ट्रीट, लव्हडे स्ट्रीट, प्राइस स्ट्रीट, बाथ स्ट्रीट. हा पट्टा म्हणजे गन क्वार्टर. दहा-पंधरा मिनिटांत पायी फिरून होतो. एकोणिसाव्या शतकात जगभर जाणाऱ्या लाखो बंदुका या एवढ्याशा जागेत जुळवल्या गेल्या, आणि त्यातल्या बहुतेक बंदुकांवर ज्याचं नाव होतं त्याच्याकडे कारखाना नव्हता.

हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा खरं वाटलं नव्हतं. 'गनमेकर' म्हणवणाऱ्या मालकाकडे बहुधा एक गोदाम असायचं आणि एक हिशेबनीस. भट्टी नाही, लेथ नाही. तो सुटे भाग विकत घ्यायचा आणि एकेका कारागिराकडे पाठवायचा. एका कारागिरानं आपलं काम केलं की भाग परत गोदामात, तिथून पुढच्याकडे. ही ने-आण पोरं करायची. बगलेत नळ्या, पाठीवर दस्त्यांचं ओझं घेऊन गल्लीतून पळणारी पोरं हे त्या भागाचं रोजचं दृश्य होतं.

सुटे भाग करणारे आणि भाग जुळवणारे असे दोन मोठे तट. १८६६ साली बर्मिंगहॅमच्या धंद्याची जी नोंद छापली गेली तिच्यात लष्करी बंदुकीसाठी पन्नासच्या आसपास वेगवेगळे पेशे मोजलेले दिसतात. नळी जोडणारा वेगळा, आतून पोखरणारा वेगळा, बाहेरून घासणारा वेगळा. लॉक, म्हणजे घोडा-कमानीची सगळी यंत्रणा, ठोकून घडवणारा एक आणि कानशीनं साफ करणारा दुसरा. नुसत्या संगिनीवर सात-आठ प्रकारचे लोक. हे झाले भाग. मग जुळवणीत नळीचा मागचा भाग बसवणारा 'जिगर', लाकडात नळी आणि लॉक उतरवणारा 'स्टॉकर', स्क्रूवाला, आटे पाडणारा, नक्षीवाला, नळीला तपकिरी रंग चढवणारा. शेवटी 'लॉक फ्रीअर', जो सगळी यंत्रणा मोकळी आणि मऊ चालेल अशी करून द्यायचा. यातल्या एकालाही अख्खी बंदूक करता येत नसे. येण्याची गरजच नव्हती.

तुमच्याकडची अक्षरं ही यांच्यापैकी कुणाची तरी आहेत. नळीवाल्याचं एक, ॲक्शनवाल्याचं एक, लाकूडवाल्याचं एक. शिक्क्याचा उपयोग हिशेबाला व्हायचा. शनिवारी पैसे मोजताना आणि काम खराब निघालं तर परत पाठवताना कुणाचं ते कळायला हवं. गिऱ्हाइकानं ते पाहावं असा हेतू नव्हता, म्हणून ते आतल्या बाजूला.

आसावरी | ५ जून, सकाळी ७:३०

उत्तम धागा. मी इतिहास शिकवते, म्हणून याचा उगम कुठे आहे तेवढी भर घालते.

बर्मिंगहॅमला सरकारी काम मिळालं ते १६९३ च्या जानेवारीतल्या करारानं. गावातल्या पाच बंदूकवाल्यांनी मिळून महिन्याला २०० मस्किटी, नगाला १७ शिलिंग या भावानं द्यायच्या होत्या. तोवर लंडनच्या बंदूकवाल्यांच्या गिल्डची मक्तेदारी होती. पुढे अठराव्या शतकात ऑर्डनन्स बोर्डानंच, म्हणजे सरकारच्या शस्त्रखात्यानंच, पोटकंत्राटाची पद्धत सरकारी करून टाकली. नळ्या आणि लॉक बर्मिंगहॅमकडून घ्यायचे, तपासून टॉवर ऑफ लंडनमध्ये साठवायचे, आणि गरज पडेल तसे ते जुळवणाऱ्यांना द्यायचे. मिनरीज नावाचा टॉवरजवळचा रस्ता या जुळवणाऱ्यांनी भरलेला होता. टॉवरचा शिक्का असलेली 'ब्राउन बेस', म्हणजे ब्रिटिश शिपायाची मस्किट, ही अशी दोन गावांत आणि पंचवीस घरांत तयार झालेली वस्तू.

नेपोलियनच्या काळात, १८०४ ते १८१५ मध्ये, बर्मिंगहॅमनं सरकारला १७ लाखांहून जास्त पूर्ण बंदुका दिल्या. शिवाय लंडनला जुळवण्यासाठी ३० लाखांच्या आसपास नळ्या आणि २८ लाखांहून जास्त लॉक पाठवले. कुठल्याही मोठ्या कारखान्याशिवाय हे झालं. हजारो छोटी कामठाणं, एवढंच भांडवल.

आणि आपला यात थेट संबंध आहे. ईस्ट इंडिया कंपनी आपल्या फौजेसाठी स्वस्त आणि जरा आखूड बंदूक याच लोकांकडून करून घेत असे. ३९ इंचांची नळी, साधे भाग, कमी पितळ. १७९३ साली फ्रान्सशी युद्ध पेटलं तेव्हा ब्रिटिश सरकारकडे पुरेशा बंदुका नव्हत्या. त्यांनी कंपनीचा साठाच विकत घेतला आणि १७९७ मध्ये आपल्या कंत्राटदारांना हाच नमुना करायला सांगितलं. त्याचं नावच 'इंडिया पॅटर्न' पडलं. वॉटर्लूला ब्रिटिश शिपायाच्या हातात जी बंदूक होती ती मुळात हिंदुस्थानातल्या कंपनीच्या पलटणींसाठी स्वस्तात बसवलेली. २३ सप्टेंबर १८०३ ला असईच्या मैदानात, म्हणजे आत्ताच्या जालना जिल्ह्यात, शिंद्यांच्या फौजेवर चालून आलेल्या कंपनीच्या पलटणींकडे हीच जात होती. असईला मुलांना सहलीला नेते तेव्हा मी त्यांना केळना आणि जुई नद्यांचा संगम दाखवते. आता डार्लस्टन नावाच्या गावातल्या लॉक घासणाऱ्यांबद्दलही सांगेन.

कानस | ५ जून, दुपारी १:१५

भोसरीत माझं छोटं टूलरूम आहे, जॉबवर्क करतो. बंदुकीतलं मला काही कळत नाही, पण एक गोष्ट डोक्यात बसत नाही. पन्नास जागी भाग होतात, मोजायला मायक्रोमीटर नाही, ड्रॉइंग नाही, टॉलरन्स नाही. मग ते एकमेकांत बसतात कसे? आमच्याकडे दोन वेंडरचे पार्ट असेंब्लीला एकत्र आले तर भांडणं होतात.

मिडलंडकर | ५ जून, दुपारी ४:०५

बसत नव्हतेच. बसवले जायचे.

भाग मुद्दाम जरा जाड ठेवून यायचा आणि ज्याच्याकडे तो पोचला तो आपल्या हातानं उतरवायचा. साधन कोणतं, तर काजळी. छोट्या दिव्याच्या धुरावर लोखंडी भाग धरायचा, काजळी बसली की तो जागेवर दाबून उचलायचा. जिथे काळा डाग उमटला तिथे लाकूड किंवा लोखंड उंच आहे. तेवढंच खरवडायचं. पुन्हा धुरावर, पुन्हा दाब. चांगला ॲक्शनवाला हे शेकडो वेळा करायचा, जोवर नळ्यांच्या आणि ॲक्शनच्या सांध्यात अख्ख्या पृष्ठावर सारखा काळा रंग उमटत नाही तोवर. लंडनच्या उत्तम बंदुकीत आजही हेच करतात.

नळी सरळ आहे की नाही हेही डोळ्यानं. नळी खिडकीकडे धरून आतून पाहिलं की आतल्या भिंतीवर सावलीची रेष पडते. ती रेष कुठे मोडली तर तिथे नळी वाकडी. मग बाहेरून हातोडीची एक टिचकी. एवढंच काम आयुष्यभर करणारे 'बॅरल सेटर' होते.

याचा अर्थ एका बंदुकीचा भाग दुसरीत जात नाही. एकाच दिवशी, एकाच कारागिरानं, एकाच गिऱ्हाइकासाठी केलेल्या जोडीतलासुद्धा सहसा नाही.

कानस | ५ जून, दुपारी ४:४०

काजळी! आम्ही निळं लावतो, प्रशियन ब्लू. कल्पना तीच. माझे वस्ताद सरफेस प्लेटवर असंच स्क्रेपिंग करायचे, तासन् तास. वाचून अंगावर काटा आला.

रानवाटा | ५ जून, रात्री १०:२०

आमच्या घराण्यात शिकारीचा शौक होता, त्यामुळे जुन्या विलायती बंदुकांचं वाचन बरंच आहे. वर बर्मिंगहॅमबद्दल जे आलं ते बरोबर आहे, पण लोकांचा समज असा की लंडनच्या मोठ्या घरांचं सगळं एका छपराखाली होतं. तसं नव्हतं. बर्मिंगहॅमपेक्षा जास्त काम घरात होत असे एवढंच.

लंडनच्या उत्तमातल्या उत्तम बंदुकीचं साइडलॉक, म्हणजे बाजूच्या पत्र्यावर बसवलेली यंत्रणा, उघडा. आतल्या पत्र्यावर पुष्कळदा 'ब्रेझियर' किंवा 'चिल्टन' सापडेल. ही वुल्व्हरहॅम्प्टनची लॉकवाली घराणी. जोसेफ ब्रेझियरच्या लॉकशिवाय आपली बंदूक पूर्ण नाही असं मानणारी लंडनची घरं होती. बाहेरच्या बाजूला मात्र लंडनमधल्या श्रीमंत मेफेअरचा पत्ता. नक्षी पाहिली तर तीही बऱ्याचदा बाहेरची. हॅरी केल हा स्वतंत्र नक्षीकार अनेक घरांसाठी गुलाब आणि वेलबुट्टी कोरायचा. एकाच हाताची वेल दोन प्रतिस्पर्धी दुकानांच्या बंदुकांवर दिसते.

लंडनच्या पर्डी या घराची आपोआप उघडणारी जी ॲक्शन जगप्रसिद्ध आहे ती फ्रेडरिक बीसलीची. तो पूर्वी पर्डीकडे कामाला होता, मग स्वतःचं दुकान काढलं, आणि १८८० च्या त्या पेटंटचे हक्क आपल्या जुन्या मालकांना विकले. दीडशे वर्षं होत आली, पर्डीची बंदूक त्याच तत्त्वावर आहे.

डमास्कस नळ्यांचं तर विचारूच नका. लोखंड आणि पोलादाच्या कांबी पीळ देऊन, दोन-तीन एकत्र जोडून, त्या पट्टीचा सळईभोवती वेढा द्यायचा आणि तापवून ठोकत जोडत जायचं. एक मुख्य वेल्डर आणि त्याचे घणवाले, असं टोळीचं काम. त्याआधी 'स्टब ट्विस्ट' होती, तिच्यासाठी घोड्यांच्या नालांचे जुने खिळे गोळा करून आणत, कारण वापरून वापरून ते लोखंड मऊ आणि चिवट झालेलं असे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडातल्या बऱ्याच बंदुकांच्या डमास्कस नळ्या बेल्जियममधल्या लिएजहून कच्च्या येत. म्हणजे नळी बेल्जियन, लॉक वुल्व्हरहॅम्प्टनचा, लाकूड फ्रान्समधलं अक्रोड, नाव लंडनचं.

तरीही मी नावाच्या बाजूनं बोलणार आहे. मालक कानस चालवत नसेल, पण काय स्वीकारायचं आणि काय परत करायचं हे तोच ठरवायचा. ब्रेझियरचा लॉक साध्या दुकानालाही मिळत होता. तरी त्या दुकानाची बंदूक खांद्याला लावल्यावर तशी का लागत नाही? तोल, वजन, दस्त्याचा बाक, चापाचं वजन, हे सगळं एका डोक्यात असावं लागतं. जोसेफ मँटन या बंदूकवाल्यानं लंडनमध्ये जे वळण घालून दिलं ते पुढच्या सगळ्यांनी गिरवलं. जेम्स पर्डीनंही मँटनकडे काम केलं होतं, आणि १८१४ मध्ये स्वतःचं दुकान काढलं.

नातूसाहेब, तुमची बंदूक साइडलॉक आहे की बॉक्सलॉक? बाजूला मोठे पत्रे नसतील आणि ॲक्शन चौकोनी ठोकळ्यासारखी असेल तर बॉक्सलॉक. वेस्टली रिचर्ड्सच्या अँसन आणि डीली यांनी १८७५ मध्ये काढलेली रचना. कमी भाग, स्वस्त, दणकट. पेटंटची मुदत संपल्यावर सगळ्या बर्मिंगहॅमनं ती उचलली. वेब्ली अँड स्कॉट, जी १८९७ मध्ये तीन घरं एकत्र होऊन झाली, ती अशा बंदुका भरपूर करायची आणि गावोगावचे विक्रेते त्यावर आपापलं नाव घालून घ्यायचे. कलकत्त्याच्या मँटन आणि रॉड्डा या पेढ्यांच्या नावानं आपल्याकडे ज्या बंदुका आहेत त्यातल्या पुष्कळ अशा इंग्लंडातून करून आलेल्या.

वाड्यातला नातू | ६ जून, सकाळी ८:००

बॉक्सलॉक आहे, चौकोनी ठोकळाच. सर्वांचे मनापासून आभार. आई वाचून दाखव म्हणाली, तिला वाचून दाखवलं.

कानस | ६ जून, दुपारी २:३०

रानवाटा, तुमचं नावाबद्दलचं म्हणणं समजलं, पण मी त्या लॉकवाल्याच्या जागी उभा राहून बघतो. काल रात्री बसून थोडं वाचलं.

काम मागणीप्रमाणे चढायचं-उतरायचं. मालकाकडे कारखाना नाही म्हणजे मंदीत त्याचा खर्चही नाही. सगळा धोका खाली. पुष्कळ कारागिरांची स्वतःची जागासुद्धा नव्हती, मोठ्या घरातली एक बाकाची जागा भाड्यानं घ्यायची, वर गॅसचे पैसे वेगळे. डार्लस्टन आणि वेन्सबरी ही लॉकची गावं. नेपोलियनच्या लढाईत तिथल्या माणसाला बऱ्यापैकी पैसा दिसला. १८१५ ला शांतता झाली आणि काम एकदम थांबलं. डार्लस्टनमध्ये उपासमारीची पाळी आली. लॉक घासायला शिकलेला हात दुसरं काय करणार? बर्मिंगहॅमचा बंदूकवाला मात्र गोदामाला कुलूप लावून दुसरं काही विकू शकत होता.

नळ्या घासणाऱ्यांचं आणखी वाईट. पाण्यावर किंवा वाफेवर फिरणारे अवजड दगड. दगड फुटला की माणूस गेला. नाही फुटला तर धूळ छातीत.

मालाची प्रतही भावाप्रमाणे पाडायचे. नळीच्या लोखंडाच्या जातींना पौंडाच्या भावावरूनच नावं होती, 'थ्रीपेनी', 'टूपेनी', आणि सगळ्यात खालच्या लोखंडाला तर शिवीच होती. ते आफ्रिकेला जाणाऱ्या बंदुकांत. ती बंदूक फुटून ज्याचा हात गेला त्याला कुणाचं नाव सापडलं असतं?

मला याची झळ माहीत आहे. एका मोठ्या गिऱ्हाइकानं माझे पैसे चार महिने अडकवले होते, त्या काळात माझ्या तीन पोरांचे पगार मी बायकोचे दागिने ठेवून केले. माझा तुकडा ज्या मशीनमध्ये बसतो त्यावर माझं नाव नाही, त्याचं मला दुःख नाही. पैसे वेळेवर हवेत.

आसावरी | ६ जून, रात्री ९:४५

कानस, तुमच्या शेवटच्या ओळीवर काही लिहावंसं वाटलं, पण लिहिता आलं नाही. तुमच्या पोरांचे पगार झाले हे वाचून बरं वाटलं.

आफ्रिकेचा विषय तुम्ही काढला म्हणून. गॅल्टन घराणं हे बर्मिंगहॅमच्या बड्या बंदूकवाल्यांपैकी. स्टीलहाउस लेनवर पेढी, आणि मोठं गिऱ्हाईक म्हणजे ऑर्डनन्स बोर्ड आणि गुलामांच्या व्यापारात असलेले आफ्रिकेचे व्यापारी. पण गॅल्टन होते क्वेकर, म्हणजे युद्ध वर्ज्य मानणाऱ्या पंथाचे. सॅम्युएल गॅल्टन धाकटे यांच्याविरुद्ध त्यांच्याच सभेनं १७९५ मध्ये तक्रार मांडली. १७९६ मध्ये त्यांनी उत्तर दिलं. त्यातला मुद्दा मला या धाग्यासाठी फार महत्त्वाचा वाटतो. त्यांचं म्हणणं साधारण असं, की तुम्ही मला एकट्याला वेगळं काढू शकत नाही. कर भरणारा लढाईचा खर्च उचलतो, गुलामांच्या श्रमाची साखर आणि कापूस वापरणाराही त्या व्यापारात आहे. पंथानं ते मानलं नाही आणि त्यांना बाहेर काढलं.

मी हे वर्गात सांगते तेव्हा मुलं दोन बाजूंना वाटली जातात. ज्या धंद्यात काम पन्नास हातांत विभागलेलं आहे तिथे जबाबदारीही तशीच विभागली जाते हे गॅल्टन यांना आपल्या धंद्यातूनच दिसलं असणार, असं मला वाटतं. पण कारागिराला आठवड्याचे शिलिंग मिळत होते, आणि नफा व गिऱ्हाईक निवडायचा अधिकार गॅल्टन यांच्याकडे होता. म्हणून मला त्यांचा युक्तिवाद पटत नाही. सगळे सामील आहेत हे खरं, सारखेच सामील आहेत हे खोटं.

रानवाटा | ६ जून, रात्री १०:३०

हे मान्य. मी बंदुकीच्या गुणवत्तेबद्दल बोलत होतो, त्या पैशाच्या वाटणीबद्दल नाही. कानस, तुमचं लिहिणं मनाला लागलं.

शेवंती | ७ जून, सकाळी ६:५५

वाखुसा (वाचनखूण साठवली). एक शंका : एवढी चालणारी पद्धत मग मोडली कशानं? यंत्रानं?

मिडलंडकर | ७ जून, संध्याकाळी ७:२०

अर्धी यंत्रानं, आणि अर्धी तिच्या स्वतःच्या स्वभावानं.

पन्नास हातांच्या साखळीत एक कडी थांबली की सगळं थांबतं. दस्तेवाल्यांना कळायचं की सरकारला घाई आहे, मग ते भाव वाढवून मागायचे, आणि त्यात मला काही चूक दिसत नाही. पण १८५० नंतर सरकारला नव्या रायफली हव्या होत्या आणि बर्मिंगहॅमकडून त्या वर्षानुवर्षं उशिरानं येत होत्या. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात अमेरिकेच्या रॉबिन्स अँड लॉरेन्सनं एकमेकांत भाग बदलता येणाऱ्या रायफली मांडल्या होत्या. ब्रिटिश सरकारनं पाठवलेले व्हिटवर्थ आणि वॉलिस १८५३ मध्ये अमेरिका पाहून आले. १८५४ ला संसदेची समिती बसली. बर्मिंगहॅमच्या लोकांनी तिच्यापुढे कसून विरोध केला. शेवटी लंडनजवळच्या एनफिल्डचा सरकारी कारखाना अमेरिकन यंत्रांनी भरला. दस्ते कोरायची यंत्रं मॅसॅच्युसेट्सच्या एम्स कंपनीची होती, आणि यंत्रं लावायला अमेरिकेतल्या हार्पर्स फेरीच्या शस्त्रकारखान्यात काम केलेला जेम्स बर्टन आला. ज्या दस्त्यात लॉक उतरवायला स्टॉकरला छिन्नी आणि काजळी घेऊन तासन् तास बसावं लागे तो आता यंत्रातून काही मिनिटांत बाहेर पडायला लागला.

पॅटर्न १८५३ एनफिल्ड ती हीच. १८५७ साली ज्या काडतुसांवरून आपल्याकडे भडका उडाला ती याच रायफलीची. गंमत नव्हे, पण लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की त्याच नमुन्याची रायफल एनफिल्डची असेल तर भाग अदलाबदल होतात आणि बर्मिंगहॅमच्या कंत्राटी जुळवणीतली असेल तर होत नाहीत. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात.

१८६१ मध्ये बर्मिंगहॅमच्या चौदा बंदूकवाल्यांनी एकत्र येऊन स्मॉल हीथला यंत्रांचा कारखाना काढायचं ठरवलं. तीच बीएसए, जिच्या मोटरसायकली आपल्या वडिलांच्या पिढीला माहीत आहेत. पण त्याच वर्षी अमेरिकेत यादवी सुरू झाली आणि जुन्या गल्ल्यांना शेवटचा मोठा हंगाम मिळाला. चार वर्षांत ७ लाखांहून जास्त रायफली बर्मिंगहॅमहून तिकडे गेल्या, बहुतेक हातानंच जुळवलेल्या.

त्यानंतर लष्करी काम गेलं. शिकारीच्या बंदुकीत मात्र जुनी पद्धत टिकली, कारण तिथे गिऱ्हाइकाला आपल्या खांद्याच्या मापाची एकच हवी असते. नातूसाहेबांची बंदूक त्या काळातली.

१९६० च्या दशकात शहरातून रिंग रोड काढला तेव्हा क्वार्टरचा मोठा भाग पाडला. २०११ मध्ये महापालिकेनं भागाचं नावच बदललं. लोकांनी सह्या गोळा केल्या, २०१४ मध्ये 'गन क्वार्टर' हे नाव परत आलं. प्राइस स्ट्रीटवर अजून लाल विटांच्या दोन-तीन मजली इमारती आहेत, वरच्या मजल्याला ओळीनं मोठ्या खिडक्या. कारागिराला उत्तरेचा उजेड लागायचा, नळीतली ती सावलीची रेष बघायला. मी ऑफिसातून परतताना कधी कधी मुद्दाम तिथून जातो.

शेवंती | ७ जून, रात्री ८:०२

खिडक्यांचं कारण वाचून फार आवडलं. धन्यवाद.

कानस | ७ जून, रात्री ९:३०

मिडलंडकर, पुढच्या वेळी गेलात तर त्या खिडक्यांचा फोटो टाका. शॉपमध्ये लावेन.

वाड्यातला नातू | १५ जून, रात्री ८:४०

काल बंदूक परत मिळाली. धागा वाचून झाल्यामुळे मी मिस्त्रींना विचारलं, मी समोर बसून बघू का. ते सत्तरीचे आहेत. 'बसा' म्हणाले.

पुढच्या लाकडाला त्यांनी आतून शिसवाची पातळ चकती चिकटवली होती. ती आता जागेवर उतरवायची होती. त्यांनी फळीवरून रॉकेलची चिमणी काढली, पेटवली, वात मोठी केली आणि नळ्यांखालचा लोखंडी भाग त्या धुरावर फिरवला. काळा झाल्यावर लाकूड त्यावर दाबलं, उचललं, उजेडात धरलं. दोन ठिकाणी डाग. पटाशीनं कागदासारखा पापुद्रा काढला. पुन्हा चिमणीवर. मी मोजत होतो, एकोणीस वेळा झालं. मग लाकूड बसलं आणि जराही हललं नाही.

मी विचारलं हे कुठे शिकलात. म्हणाले, वडिलांकडे. त्यांच्या वडिलांनी संस्थानच्या शस्त्रागारात बघितलं होतं, तिथे एक गोरा मिस्त्री होता.

चकती बसवायच्या आधी मी आतली तिन्ही अक्षरं कागदावर उतरवून घेतली. आजोबांच्या जमाखर्चाच्या वहीत बंदुकीचं पान आहे, विकत घेतल्याची तारीख आणि किंमत. त्याखाली ती लिहिली, आणि मिस्त्रींना त्यांची अक्षरं घालायला सांगितलं. त्यांनी पेन घेतलं नाही. खिशातून बारीक पंच काढला, मला विचारलं, आणि नव्या चकतीच्या आतल्या बाजूला एक छोटंसं 'म' ठोकलं.